सेलूची गिरणी, लंडनचा एडिटर आणि बोलणारं मांजर

पत्र:

मावशी, मी मूळची सेलूची, वय २७, पुण्यात आयटीत आहे. चार वर्षं रात्री जागून इंग्रजीत एक कादंबरी लिहिली. माझ्या आजीची सेलूत पिठाची गिरणी होती, तिच्यावर आहे, आणि गिरणीत एक मांजर आहे जे नातीशी बोलतं (जपानी लेखक मुराकामी खूप वाचलाय, लपवत नाही). एका ऑनलाइन वर्कशॉपमधून ड्राफ्ट लंडनच्या एका एडिटरपर्यंत गेला. ती म्हणते लिहिलंय छान, पण मराठवाडा दिसत नाही, दुष्काळ कुठंय, शेतकऱ्यांच्या आत्महत्या कुठंयत, आजीचं लग्न लहानपणी झालं असेल तर तो सीन घे, आणि पन्नास पानं झाली तरी आजीला नेमकं काय हवंय ते कळत नाही. इकडं माझा एक मित्र पीएचडी करतोय, तो पहिलं पान वाचून म्हणाला तू स्वतःच स्वतःकडं गोऱ्यांच्या डोळ्यांनी बघतेस, हा ओरिएंटलिझम आहे, मराठीत लिही नाहीतर लिहू नको. मामाची जमीन २०१३ च्या दुष्काळात गेली ते मी मुद्दामच घेतलं नव्हतं, गरिबी विकल्यासारखं वाटतं. आता काय करू? दुष्काळ घालू? मराठीत लिहू? मांजर काढू? पहिलं पान जोडलंय.
सेलूची एक

उत्तर:

सेलूकर पोरी,

तुझं पत्र आलं त्या रात्री आमच्याकडं लाइट नव्हती, मोबाईलच्या उजेडात पान वाचलं आणि सकाळी चहा घेत परत वाचलं. मी अंबाजोगाईत एकतीस वर्षं पोरांना इंग्रजी शिकवलं, आता रिटायर होऊन या सदरात सासवांची गाऱ्हाणी आणि जावांची भांडणं मिटवते, असला प्रश्न पहिल्यांदाच आलाय, त्यामुळं उत्तर लांबणार आहे, तूही चहा करूनच बस.

आधी पान. तुझं दुसरं वाक्य मराठीत आणलं तर असं होतं: आजीने ज्वारीची भाकरी, म्हणजे आमच्या भागातल्या धान्याची गोल, चपटी, यीस्ट नसलेली रोटी, चुलीवरच्या लोखंडी तव्यावर टाकली, तिच्या हिरव्या काचेच्या बांगड्या किणकिणल्या आणि धुराचा मातकट वास घरभर पसरला.

आता खरं सांग, हे कोण बघतंय? तू लिहिलंयस की नात बघतेय. ती नात त्या घरात जन्मली, अठरा वर्षं दोन्ही टाइम तीच भाकरी खाल्ली, तिला भाकरी गोल दिसेल का गं? भाकरी गोल असते हे सेलूत कोणाच्या ध्यानात तरी येतं का? आणि बांगड्या वाजल्या तर घरातल्या माणसाला ऐकू येत नाहीत, वाजायच्या थांबल्या तर माणूस मान वर करून बघतं. त्या स्वयंपाकघरात नातीच्या अंगात कोणीतरी पाहुणा शिरलाय आणि तो कॅमेरा घेऊन आलाय.

नात काय बघेल ते मी सांगते, मी काही लेखक नाही पण भाकरी पन्नास वर्षं थापलीय. नात बघेल की आज भाकरी कडेनं फाटायली आणि आजी परत परत पाण्याचं बोट लावून ती सांधायली. म्हणजे पिठाची विरी गेलीय. पीठ जुनं झालंय. आता गिरणीवालीच्या घरात पीठ जुनं होतंच कसं, तिच्याकडं तर रोज ताजं दळण. म्हणजे मोंढ्याजवळची गिरणी आठ-दहा दिवसांपासून बंद आहे, आजी रोज सकाळी डबा घेऊन जाते न् संध्याकाळी येते, आणि घरात कोणाला काही बोललेली नाही. हे नातीला पहिल्याच भाकरीत कळलं आणि ती पण काही बोलली नाही, गपचूप जेवली. बघ, एडिटर म्हणाली ना आजीला काय हवंय ते कळत नाही, ते इथं कळायला लागलं. लंडनच्या माणसाला विरी म्हणजे काय ते माहीत नसेल, नसू दे, पण फाटणारी भाकरी आणि ती लपवणारी बाई त्यालाही कळते.

मित्राचा ओरिएंटलिझम हा शब्द जड आहे पण त्यात तथ्य नाही असं नाही. तो शब्द ज्याच्यामुळं सगळीकडं झाला तो एडवर्ड सईद, जेरुसलेममध्ये १९३५ ला जन्मलेला, कैरोत वाढलेला, न्यूयॉर्कला शिकवणारा माणूस, त्यानं १९७८ मध्ये या नावाचं पुस्तक लिहिलं. म्हणणं थोडक्यात असं की पूर्व नावाची जी गूढ, आळशी, रंगीबेरंगी, क्रूर वगैरे जागा आपण पुस्तकांत वाचतो ती पश्चिमेनं आपल्या सोयीनं रचलेली आहे आणि ती रचणं आणि आपल्यावर राज्य करणं ही दोन वेगळी कामं नव्हती. त्या पुस्तकाच्या कव्हरवर एक फ्रेंच चित्र असायचं, निळ्या टाइल्सच्या भिंतीपुढं एक उघडं पोरगं अंगाभोवती साप गुंडाळून उभं, समोर म्हातारे टक लावून बसलेले. टाइल्स इस्तंबूलच्या राजवाड्यातल्यासारख्या, गारुडी आणखी कुठला, आणि सगळं जुळवलं पॅरिसच्या स्टुडिओत, १८७९ च्या आसपास. प्रत्येक टाइल इतकी बारीक रंगवलीय की बघणाऱ्याला वाटावं हे डोळ्यांनी पाहिलेलंच असणार. तुझ्या हिरव्या काचेच्या बांगड्या त्याच भिंतीवरच्या आहेत बघ.

आपल्या भागाला तर हे लई जुनं आहे. नळदुर्गला मेडोज टेलर नावाचा इंग्रज अधिकारी होता, आधी निजामाच्या नोकरीत, त्याचं ठगाच्या जबानीचं पुस्तक १८३९ चं, विलायतेत धडाधड खपलं, आणि मग १८६३ मध्ये त्यानं तुळजापूरच्या एका ब्राह्मण पोरीवर कादंबरी लिहिली, भवानीचं देऊळ, अफजलखान सगळं त्यात. मुलूख त्याला चांगला माहीत होता, हे कबूल करायला पाहिजे. पण तो वाचून दाखवत होता ते तिकडच्यांना, तुळजापूरकर त्याच्या हिशेबात बसलेच नव्हते. आणि अजिंठ्याला गेलीस तर दहा नंबरच्या लेणीत बघ, एका बोधिसत्त्वाच्या चित्रावर जॉन स्मिथ न् तारीख कोरलीय, २८ एप्रिल १८१९, शिकारीला आलेला कॅप्टन. ते नाव आज आपल्या डोक्याच्या वर येतं कारण तो उभा होता तो लेणीत साचलेल्या मलब्याच्या ढिगावर. आम्ही शाळेत काय शिकलो, अजिंठा त्यानं शोधला. खालच्या गावातली माणसं ती लेणी बघतच होती, पण त्यांनी नाव कोरलं नाही ना.

पण तुझा प्रश्न हा नाही. तुझा प्रश्न आपल्याच माणसानं असं लिहायचा आहे. त्याची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगते.

अलादीन आणि अलीबाबा या गोष्टी अरबी रात्रींच्या, म्हणजे अरेबियन नाइट्सच्या, जुन्या अरबी हस्तलिखितांत नाहीत. गालाँ नावाचा फ्रेंच पंडित १७०४ पासून त्या रात्रींचे फ्रेंच खंड छापत होता, लोक तुटून पडले होते, आणि त्याच्याजवळच्या गोष्टी संपत आल्या. तेव्हा १७०९ मध्ये पॅरिसला त्याला भेटला हन्ना दियाब, सीरियातल्या अलेप्पोचा तरुण ख्रिस्ती पोरगा, एका फ्रेंच प्रवाशाबरोबर दुभाषा म्हणून आलेला. त्या प्रवाशानं त्याला वचन दिलेलं की राजाच्या लायब्ररीत नोकरी लावून देतो. राजासमोर नेताना त्याला पूर्वेकडचा खास पोशाख घालून नेलं, हातात पिंजरा, पिंजऱ्यात वाळवंटातले उड्या मारणारे उंदीर. म्हणजे व्हर्सायच्या महालात उंदीर न् पोरगा दोन्ही बघायच्याच वस्तू. त्या पोरानं गालाँला गोष्टी सांगितल्या, त्यात अलादीन होता, अलीबाबा होता. गालाँनं रोजनिशीत नोंद केली, पुस्तकात त्याचं नाव कुठंच टाकलं नाही. लायब्ररीतली नोकरी काही लागली नाही, पोरगा अलेप्पोला परत गेला, कापडाचा धंदा केला आणि म्हातारपणी प्रवासाची हकीकत लिहून ठेवली, ती वही व्हॅटिकनच्या लायब्ररीत पडून होती.

आता यात पूर्व कोणती न् पश्चिम कोणती ते सांग. सांगणारा अलेप्पोचा, ऐकणारा पॅरिसचा, गोष्टीतला अलादीन चीनचा, आणि काही लोक म्हणतात अलादीनचे डोळे दिपवणारे महाल हे त्या पोरानं नुकत्याच पाहिलेल्या व्हर्सायमुळं आले असतील. मग ती गोष्ट सगळ्या जगात फिरून आपल्या आजीच्या तोंडी आली आणि आपण म्हणतो काय अस्सल पूर्वेची गोष्ट. मला त्या पोराचा राग येत नाही. तो गोष्ट चांगली सांगत होता. पिंजरा हातात देणारा वेगळा होता. तुझ्या बाबतीत मी एवढंच बघते, गोष्ट सांगताना तुझ्या हातात पिंजरा आहे का?

आणि बाई, लंडन तर लई लांब राहिलं. आपली पश्चिम पुण्यापासून सुरू होते, नकाशा काढून बघ, सेलूच्या पश्चिमेलाच आहे. हे मी अनुभवानं बोलते. नव्वदच्या आसपास मी एक कथा लिहिलेली, दोन जावांची, घरात पहिल्यांदा मिक्सर आला आणि वाटण कोणी करायचं, पाट्यावरचं चांगलं का मिक्सरचं, यावरून दोघींचं सहा महिने बोलणं बंद. माझ्याच घरातलं होतं जवळजवळ. पश्चिमेकडच्या एका दिवाळी अंकाकडं पाठवली. संपादकांचं कार्ड आलं, कथा चांगली पण मराठवाड्याचं वातावरण येत नाही, थोडा दुष्काळ आणता येईल का? थोडा दुष्काळ, म्हणजे चटणीत मीठ टाकल्यासारखा! आणि मी आणला गं. विहीर आटवली, मोठ्या जावेचा नवरा पोस्टात होता त्याला शेतकरी केलं आणि एक बैल मारला. कथा छापून आली, मातीतली कथा म्हणून दोन पत्रं पण आली. दिवाळीत ती मी आईला वाचून दाखवली. आई शेवटपर्यंत गप्प ऐकली न् म्हणाली, "बैल कवा होता वं आपल्याकडं? तुझा मोठा काका तर पोस्टात जायचा सायकलवर." आणि मग म्हणाली, "मिक्सरचं का काढलंस, ते तर खरं होतं." दुष्काळ आला तसा मिक्सर एका ओळीत गेला होता. तो अंक माझ्याकडं अजून आहे, कपाटात सगळ्यात खाली.

२०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर, तेव्हापासून तर विचारूच नको, मी लग्नाला कोल्हापूरला गेले तरी लोक आंघोळीचं पाणी किती लागतं ते विचारतात. आपलीच माणसं, आपलीच भाषा बोलणारी. आणि आपले लोकही तिकडं गेले की तसंच बोलायला लागतात, कमाल म्हणजे मीही, टॅक्सीवाल्यानं विचारलं तर मी त्याला दुष्काळाचं रंगवून सांगते कारण त्याला तेच ऐकायचं असतं.

त्यामुळं मित्राचा दुसरा भाग, मराठीत लिही नाहीतर लिहू नको, तो मला पटत नाही. पाहुणा कॅमेरा घेऊन मराठीतसुद्धा येतो, माझ्या कथेत आला होता. नेमाडे सर आयुष्यभर हे इंग्रजीत लिहिणं म्हणजे बाहेरच्यांसाठी लिहिणं असं बोलत आले, औरंगाबादला विद्यापीठात शिकवत होते तेव्हापासून आम्ही ते ऐकतोय, २०१५ ला ज्ञानपीठ जाहीर झाल्यावर इंग्रजीत लिहिणाऱ्या रश्दी-नायपॉल यांच्यावर बोलले न् रश्दी ट्विटरवर चिडले, ते सगळ्यांना माहीत आहे. मला नेमाड्यांची अर्धी गोष्ट पटते. पण त्यांनी अरुण कोलटकरांच्या १९७६ च्या जेजुरी या इंग्रजी कवितासंग्रहावर टीका केली की हा माणूस टूरिस्टसारखा येतो न् जातो, तिथं मी त्यांच्याशी मनातल्या मनात भांडते. कारण कोलटकरांनी तो टूरिस्ट लपवलेलाच नाही. पहिल्याच कवितेत एसटीत समोर म्हातारा बसलाय आणि त्याच्या चष्म्याच्या दोन काचांत बघणाऱ्याला स्वतःचंच तोंड दोन तुकड्यांत दिसतं. म्हणजे कवीनं आधीच सांगितलं, बघणारा हा असा आहे, बाहेरचा, अर्धवट. तुला पाहुण्याच्या डोळ्यांनी लिहायचंच असेल तर पाहुण्याला गोष्टीत आण, त्याला नाव दे, त्याला खाट टाकून बसव. नातीच्या अंगात लपवू नको. आता तू पुण्यात राहतेस, तर कदाचित नात पण आता अर्धी पाहुणी झालीय आणि तिला भाकरी खरंच गोल दिसायला लागलीय. तसं असेल तर ते लिही, आणि तिला त्याचं वाईट वाटतं ते पण लिही. ते तर फार चांगलं होईल.

भाषेचं म्हणशील तर तुझी आजी काय करायलीस म्हणते आणि पुण्याची घरमालकीण काय करतेस म्हणते, हा फरक इंग्रजीत कसा आणणार ते मला माहीत नाही, तो तुझा त्रास आहे आणि तो रोज होऊ दे. मला काळजी त्रास बंद झाला तर वाटेल. बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांना २०२५ ला आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं ना, त्यांच्या अनुवादक दीपा भास्ती यांनी कन्नड न् उर्दू शब्द तिरप्या अक्षरांत टाकले नाहीत, खाली टिपा दिल्या नाहीत, इंग्रजीलाच जरा आपल्या ओट्यावर येऊन बसायला लावलं. आणि जगानं बक्षीस दिलं. म्हणून मला वाटतं तिकडचा वाचक आपण समजतो तेवढा मठ्ठ नसतो, त्याला ताट वाढा, प्रत्येक वाटीत काय ते सांगत बसू नका, तो विचारेल.

आणि साचा पश्चिमेचा, मुराकामीचा, याचा अपराध वाटून घेऊ नको. कादंबरी ही चीजच विलायतेहून आलेली, नाव तेवढं बाणभट्टाचं घेतलं. आपल्याकडची सुरुवातीची कादंबरी, यमुनापर्यटन, १८५७ ची, लिहिणारे बाबा पदमनजी ख्रिस्ती झालेले, आणि विषय कुठला तर आपल्याच विधवांचे हाल. म्हणजे परक्याचा धर्म, परक्याचा साचा, आणि दुखणं घरातलं. औरंगाबादच्या मिलिंद कॉलेजात म. ना. वानखेडे सरांनी अमेरिकेतल्या काळ्या लेखकांची ओळख पोरांना करून दिली, १९७२ ला दलित पँथर निघाली तर नाव थेट अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. त्याला कोणी गुलामी म्हणालं का? कारण तिकडून जे आणलं त्यानं आपल्या घरातला अंधार दिसला. उसनं आणलेला कंदील कोणाचा ते महत्त्वाचं नाही, तो कुठं धरला ते बघतात. (हे वाक्य मी वर्गात बोलायचे, पोरं टाळ्या वाजवायची, आता जरा भाषणाचं वाटतंय, जाऊ दे.)

इस्तंबूलच्या पामुकची एक कादंबरी आहे, सोळाव्या शतकातल्या सुलतानाच्या दरबारी चित्रकारांची. तिथं याच गोष्टीवरून खून पडतो, की इटलीवाल्यांसारखं माणसाच्या जागेवरून बघून चित्र काढायचं का, मग जवळचं कुत्रं लांबच्या मशिदीएवढं दिसतं, ते तर पापच. पामुकला पण घरी लोक म्हणतात तू पश्चिमेसाठी लिहितोस, आणि २००६ ला नोबेल मिळाल्यावर तर जास्तच. पण ती वाचताना मला सारखं वाटत होतं, हे भांडण आपल्या गल्लीतलं आहे, डोळा कुठं ठेवायचा याचं.

आता दुष्काळ. इथं मी तुझ्यावर जरा रागावणार आहे. एडिटर म्हणाली म्हणून दुष्काळ घालायचा नाही हे झालं, पण गोरे काय म्हणतील, मित्र काय म्हणेल म्हणून मामाची जमीन काढून टाकलीस ते तर त्याच्याहून वाईट. दोन्हीकडं नजर तिकडंच. एक त्यांना खूश करायला वाढते, एक त्यांना दाखवायला लपवते, मामा मधल्यामध्ये गेला. ते घडलं ना? तर लिही. पण तू लहान होतीस तेव्हा ते घरात कसं दिसलं तसं लिही. २०१३ ला आमच्याकडं टँकर यायचा तर रस्त्यावर ड्रमांची रांग, प्रत्येक ड्रमवर ऑइल पेंटनं नाव, आणि शेजारणीनं आमच्या ड्रमवरचं नाव रात्रीत पुसलं त्यावरून जे भांडण झालं ते अजून मिटलेलं नाही. त्याच उन्हाळ्यात गल्लीत तीन लग्नं झाली, टँकरची वेळ बघून मुहूर्त काढले, गुरुजी पण तयार झाले. भेगा पडलेली जमीन मी त्या वर्षी एकदाच पाहिली, पेपरातल्या फोटोत. आणि गिरणीचं तर तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत, ज्वारी पिकली नाही तर लोक रेशनचा गहू घेऊन येतात, डबे छोटे होतात, पायलीचं दळण दोन शेरावर येतं, आजी डबा उचलल्यावरच ओळखते कोणाच्या घरी काय चाललंय. मामाचा डबा तिनं उचलला असेल ना? मला तू जोडलेल्या पहिल्या पानात तो डबा कुठंच दिसला नाही.

आणि आत्महत्येचं, ती तुझ्या गोष्टीत नसेल तर नाही. कोणाच्या घरातलं मरण वातावरण म्हणून वापरायचं नाही, बैलाचं सुद्धा नाही, ते मी भोगलंय.

एडिटरला काय लिहायचं ते सांगते. भांडू नको, तिचं निम्मं बरोबर आहे. आजीला काय हवंय ते कळत नाही, ही तक्रार सेलूतल्या तुझ्या मावशीनं पण केली असती, त्यात पूर्व-पश्चिम काही नाही, ती गोष्ट सांगण्यातली कसर आहे, ती दुरुस्त कर. प्रत्येक गोऱ्या माणसाची सूचना म्हणजे साम्राज्यवाद नसतो, हे मित्रालाही सांग, आणि प्रत्येक आळशी पानाला आपण संस्कृती म्हणायचं नसतं. लग्नाच्या सीनचं सरळ सांग, की आजीच्या लग्नाची गोष्ट आजी कधी कोणाला सांगत नाही, त्यामुळं नातीला माहीत नाही, त्यामुळं पुस्तकात नाही. दुष्काळ येईल पण तिला वाटतो तसा येणार नाही, डब्यांच्या वजनात येईल. ती चांगली एडिटर असेल तर खूश होईल. नसेल तर दुसरी बघ, लंडनमध्ये एकच एडिटर असते असं मला वाटत नाही.

लिहून झालं की इंग्रजी पान समोर धरून सेलूच्या मावशीला फोनवर मराठीत सांगत जा, तोंडी, भरभर. जिथं तुला स्वतःलाच लाज वाटून थांबावंसं वाटेल, जिथं ती म्हणेल अगं हे काय सांगायलीस मला माहीत नाही का, तिथं पेन्सिलनं खूण कर. तेवढ्या ओळी काढल्या तर पुस्तक पातळ होईल, होऊ दे.

राहिलं मांजर. मांजर काढायचं नाही. मुराकामीनं पहिल्या पुस्तकाची सुरुवात आधी इंग्रजीत लिहिली आणि मग स्वतःच जपानीत आणली म्हणतात, तेव्हा त्याला पण तिकडं कमी बोलले नसतील. पण बोलणारं मांजर त्यानं अमेरिकेतून आणलेलं नाही. त्याच्याआधी सोसेकी नावाचा जपानी लेखक होऊन गेला, सरकारनं इंग्रजी शिकायला त्याला लंडनला पाठवलं, १९०० ते १९०२, तिथं तो एकटा खोलीत बसून पार वैतागला, आणि परत आल्यावर १९०५ पासून त्यानं एका मांजराच्या तोंडून गोष्ट लिहिली, ज्यात ते मांजर पश्चिमेची नक्कल करणाऱ्या शिकलेल्या जपानी माणसांना हसतं. आणि प्राणी बोलतात हे तर पंचतंत्रापासून आपल्याच घरचं, तेच इराण-अरबस्तानमार्गे फ्रान्सला गेलं, तिथल्या ला फोंतेन नावाच्या कवीनं १६७८ ला हिंदुस्थानच्या ऋषीचं देणं छापून मान्यही केलंय. म्हणजे तुझं मांजर आपल्या घरचंच आहे, बरंच फिरून आलंय एवढंच.

फक्त तुझ्या पानावर ते जॅझ ऐकतं न् खिडकीत बसून एकटेपणावर बोलतं, ते मला चाललं नाही. गिरणीतलं मांजर हे उंदरांसाठी पाळलेलं असतं, त्याला काम असतं. पट्टा सुरू झाला की ते बाहेर ओट्यावर येतं, बंद झाला की आत, मिशांवर पीठ, पाठीवर पीठ, काळं असलं तरी दुपारपर्यंत पांढरं. गिरणी आठ दिवस बंद आहे हे नातीच्याही आधी त्याला कळलेलं असणार, कारण ते परत काळं झालंय. ते नातीशी नेमकं काय बोलतं ते तू ठरव, पण ते परभणीकडचं बोलतं का पुण्याचं, तेवढं मला पुढच्या पत्रात नक्की कळव.